दोन मिनिटांच्या कामाला पाच मिनिटांचं साइनअप: एका छोट्या टूलची केस

हे टूल एकच काम करतं. गटातल्या लोकांची नावं एका चौकटीत पेस्ट करायची, कुठले दिवस आणि दिवसाला किती जण लागतात ते सांगायचं, की कोणाची पाळी कधी याचा तक्ता समोर. तक्त्याची लिंक ग्रुपवर टाकली की विषय संपला. मी आणि माझा एक मित्र, दोघांनी फावल्या वेळात बनवलंय, तो कोड बघतो आणि मी बाकी सगळं, म्हणजे स्क्रीनवरचे शब्द, लोकांचे मेल आणि तक्रारी. पाळ्या लावणं किती डोकेदुखीचं काम आहे हे ज्याने लावल्यात त्यालाच माहिती, म्हणून आम्हाला वाटलं होतं लोक उड्या मारतील. लोक येतही होते. होमपेज वाचायचे, 'सुरू करा' दाबायचे, आणि तिथून गायब.

कारण 'सुरू करा' दाबल्यावर काहीच सुरू व्हायचं नाही, फॉर्म यायचा. नाव, ईमेल, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड, गटाचं नाव, गटात किती जण त्याचा ड्रॉपडाउन, आमच्याबद्दल कुठून कळलं त्याचा अजून एक ड्रॉपडाउन, आणि खाली आधीच टिक करून ठेवलेला 'नवीन माहिती मेलवर पाठवा' वाला चौकोन. एवढं भरलं की 'तुमचा मेल बघा'. मेलमधली लिंक दाबली की 'खातं सुरू झालं, आता लॉगिन करा', म्हणजे आत्ताच टाकलेला पासवर्ड परत टाका. आणि लॉगिन झाल्यावर काय, तर रिकामा डॅशबोर्ड आणि मधोमध एक बटण, 'नवीन तक्ता'. इथवर आलेल्या माणसाने अजून एकही नाव पेस्ट केलेलं नाही हां, टूल नेमकं करतं काय हे त्याने बघितलेलंच नाही, आणि आम्ही त्याच्याकडून सात रकाने भरून घेऊन मोकळे.

फॉर्म असा का झाला याचं उत्तर मजेशीर आहे, कारण प्रत्येक रकान्याला त्या त्या वेळी कारण होतं. पुन्हा पासवर्ड, कारण सगळीकडे असतो. गटाची संख्या, कारण मित्राला वाटलं पुढे कामाला येईल. 'कुठून कळलं', कारण मला उत्सुकता होती. मग एके दिवशी दोघं बसून डेटाबेसमधला एकेक कॉलम घेतला आणि विचारलं की हा कॉलम कोडमधे किंवा आपल्या कुठल्या निर्णयात कधी वाचला गेलाय का. संख्येचा कॉलम एकदाही नाही. 'कुठून कळलं' मधे बहुतेकांनी यादीतला पहिलाच पर्याय ठेवलेला, म्हणजे ती माहिती पण नव्हती, नुसता आळस नोंदवून ठेवलेला. आणि तो टिक केलेला चौकोन, त्याबद्दल तर लाजच वाटली, आधीच टिक असलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे असं युरोपियन युनियनच्या कोर्टाने २०१९ मधेच सांगितलंय, आणि कोर्टाने सांगायची तरी काय गरज, आपल्याला कळत नव्हतं असं थोडीच आहे.

तर पहिली दुरुस्ती सरळ होती, फॉर्म कापला. ईमेल आणि पासवर्ड, बास. फॉर्म पूर्ण करणारे वाढले, आम्ही खूश. पण तक्ते काही वाढेनात. पंधरा दिवस आम्ही दोघं एकमेकांना 'लागेल वेळ' म्हणत बसलो आणि मग लक्षात आलं की आपण इव्हेंट, म्हणजे मोजणारी नोंद, लावलाय फक्त फॉर्म सबमिट होण्यावर, त्याच्यापुढे काय होतं ते मोजतच नाहीये. गंमत म्हणजे उत्तर डेटाबेसमधेच पडून होतं, 'ईमेल तपासला' या कॉलममधे नाही-नाही-नाही अशी रांग. लोक फॉर्म भरत होते आणि मेलपाशी गळत होते, आम्ही गळती बंद केली नव्हती, फक्त एक पायरी पुढे ढकलली होती.

इथे माझं मत सांगून ठेवतो, रकाने कमी करणं हा या कामातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त समाधान देणारा भाग असतो, आणि म्हणूनच लोक तिथेच थांबतात.

मग ओळखीतल्या पाच जणांना फोनवर टूल उघडायला लावलं आणि शेजारी बसून नुसतं बघितलं, मधे बोलायचं नाही अशी स्वतःला सक्त ताकीद. ही ताकीद पाळणं फार अवघड आहे, बटण समोर असतं आणि समोरचा दुसरीकडेच बघत असतो आणि आपले हात शिवशिवतात. पण जे दिसलं ते कुठल्याच चार्टमधे दिसलं नसतं. एकाच्या फोनने ईमेलचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल केलं, त्याने ते खोडून परत टाइप केलं, परत कॅपिटल. का तर आमचा रकाना साधा टेक्स्टचा होता, त्याचा टाइप ईमेल ठेवला असता तर कीबोर्डवर अ‍ॅटचं चिन्ह समोर आलं असतं आणि कॅपिटलची कटकट पण गेली असती. एका शब्दाचा बदल. दुसरीने पासवर्ड टाकला तर आमचा फॉर्म म्हणे मोठं अक्षर हवं, टाकलं, मग आकडा हवा, टाकला, मग चिन्ह हवं. तिचा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवणारा प्रोग्राम, सुचवत होता तो पेस्ट करू म्हटलं तर पेस्टच बंद, कोणीतरी कुठल्यातरी जुन्या नमुन्यातून उचललेला कोड. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमधे स्पष्ट लिहिलंय की अशी अक्षर-आकडा-चिन्हाची सक्ती करू नका, पेस्ट करू द्या, त्यापेक्षा लांबी बघा आणि लीक झालेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून बघा. आम्ही बरोबर उलटं करून ठेवलेलं.

तिसऱ्याचा प्रकार सगळ्यात बोलका. त्याने मेल अ‍ॅप उघडलं, लिंक दाबली, ती मेल अ‍ॅपच्या आतल्याच छोट्या ब्राउझरमधे उघडली, तिथे खातं सुरू झालं. मग तो सवयीने आपल्या मूळ ब्राउझरमधे परत गेला तर तिथलं पान अजून 'तुमचा मेल बघा' म्हणतंय. त्याने परत मेल बघितला. परत लिंक दाबली. आता आमचं पान म्हणालं ही लिंक वापरून झालीये. त्याची चूक शून्य, आणि तरी शेवटी सॉरी तोच म्हणाला.

चौथ्याचं विशेष काही नाही, तो आमच्यासारखाच, कुठलाही फॉर्म भरेल. पाचवी मात्र फॉर्मपाशी येऊन थांबली आणि एकही अक्षर न टाइप करता मागे गेली, होमपेजवर खालीवर करत काहीतरी शोधत राहिली. नंतर विचारलं तर म्हणाली, तयार तक्ता दिसतो कसा ते शोधत होते, आधी बघू तरी दे, मग देते ना ईमेल.

म्हणजे प्रश्न फॉर्म लांब की आखूड हा नव्हताच, तो कधी येतो हा होता. मग कागदावर लिहून काढलं की खातं आपल्याला लागतं कशाला. तक्ता बनवायला? नाही. बघायला? नाही, लिंक असली की बास. दुसऱ्यांना पाठवायला? तेही नाही. उद्या परत येऊन बदलायला, दुसऱ्या फोनवरून बदलायला, हो, इथे लागतं. सगळ्या यादीत खात्याची खरी गरज एकाच जागी होती, आणि ती जागा काम झाल्यानंतरची होती. मग होमपेजवरचं 'सुरू करा' काढूनच टाकलं आणि त्या जागी नावं पेस्ट करायची चौकट ठेवली, आत पाच खोटी नावं भरून, म्हणजे आल्याआल्या खाली तक्ता दिसतोच, ती नावं खोडून आपली टाकायची.

एवढं केलं आणि लेख इथे संपवला तर छान दिसेल, पण खरं काम इथून पुढे होतं, कारण खातं काढल्यावर खातं जी कामं गपचूप करत होतं ती सगळी अंगावर आली.

पहिलं, साठवायचं कुठे. खातं नाही तर तक्ता ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमधे, म्हणजे त्याच फोनवर ब्राउझरच्या स्वतःच्या जागेत, ठेवू असं ठरलं, सोपं, सर्व्हरला त्रास नाही. काही दिवसांनी मेल यायला लागले की आमचा तक्ता गेला. शोधल्यावर कळलं की सफारी या आयफोनवरच्या ब्राउझरचा २०२० पासूनचा नियम आहे, साइटवर काही टच-क्लिक न करता ब्राउझर वापराचे सात दिवस गेले की स्क्रिप्टने, म्हणजे पानातल्या कोडने, साठवलेला डेटा पुसला जातो. नियम ट्रॅकिंग रोखायला आहे आणि जाहीर आहे, वाचायचं काम आमचं होतं, वाचलं नाही. आणि पाळ्यांचा तक्ता ही तर अशी वस्तू की एकदा करायची आणि दहा-पंधरा दिवसांनी बदलायला यायचं, म्हणजे नेमके त्या सात दिवसांच्या पलीकडे. मग तक्ता सर्व्हरवर ठेवला आणि ब्राउझरमधे फक्त एक लांबलचक यादृच्छिक खूण, तीही स्क्रिप्टने नाही तर सर्व्हरने लावलेल्या कुकीत, म्हणजे साइट ब्राउझरमधे ठेवते त्या छोट्या नोंदीत. कुकीलाही कायमचं आयुष्य नाहीच, क्रोममधे २०२२ पासून जास्तीत जास्त ४०० दिवस, पण आमच्या कामाला तेवढे पुष्कळ.

दुसरं, लिंक. सुरुवातीला एकच लिंक होती, ती ज्याच्याकडे त्याला बदल करता यायचे. लोकांनी अर्थातच तीच ग्रुपवर टाकली, आणि मग ज्याला आपली पाळी नको होती त्याने ती हळूच दुसऱ्याच्या नावावर केली. ही तक्रार वाचताना हसू पण आलं आणि घाम पण फुटला. मग दोन लिंका केल्या, बघायची वेगळी आणि बदलायची वेगळी. मोठं बटण बघायच्या लिंकचं. बदलायची लिंक स्क्रीनवर दाखवायचीच नाही असं ठरवलं, ती मेलवर पाठवायची. आणि अचानक ईमेल मागायची जागा आपोआप सापडली! तक्ता तयार झालाय, माणूस खूश आहे, आणि त्याच्या खाली एक ओळ: 'नंतर बदल करायचे असतील तर ईमेल द्या, बदलायची लिंक पाठवतो.' ईमेल हा एकच रकाना, पासवर्ड नाहीच, खातं हा शब्दसुद्धा कुठे नाही. आधी तोच ईमेल आम्ही गेटवरच्या पावतीसारखा मागत होतो, आता तो सामान ठेवायच्या लॉकरची चावी झाला, आणि चावी माणूस स्वतःहून मागतो.

बदलायची लिंक पाठवण्याआधी ईमेल त्याचाच आहे हे तपासायचं, तर त्या तपासणीच्या मेलमधे लिंक की कोड यावर आमचं दोघांचं चांगलंच भांडण झालं. मित्र म्हणे लिंक, एक टॅप आणि झालं. मी म्हणालो तिसऱ्या माणसाचं काय झालं ते आठव. शिवाय अजून एक खोड आहे, बऱ्याच ऑफिसांच्या मेल सर्व्हरवर सुरक्षा तपासणी असते, ती मेलमधली लिंक माणसाच्या आधी स्वतः उघडून बघते, आणि लिंक एकदाच वापरता येणारी असेल तर माणूस पोचायच्या आत ती वापरून झालेली असते. त्यावर उपाय आहे, लिंक उघडल्यावर एक बटण ठेवायचं आणि खरं काम बटण दाबल्यावरच करायचं. पण मग एक टॅप कुठे राहिला. शेवटी सहा आकडी कोड घेतला, कारण कोड टाकताना माणूस त्याच टॅबमधे राहतो, त्याचा तक्ता त्याच्या डोळ्यासमोर असतो. कोड मेलच्या विषयातच लिहिला, म्हणजे मेल न उघडता वरच्या नोटिफिकेशनमधेच दिसतो. रकान्याला ऑटोकम्प्लीटमधे 'वन-टाइम-कोड' असं लिहिलं, म्हणजे इथे एकदाचा कोड यायचाय हे फोनला कळतं, आकड्यांचा कीबोर्ड येईल असं केलं, आणि पेस्ट चालू ठेवलं, यावेळी मुद्दाम तपासून.

सहा आकडी म्हणजे १० लाख शक्यता, ऐकायला भरपूर, पण प्रयत्नांना मर्यादा नसेल तर यंत्राला ते काहीच नाही, म्हणून पाच चुकीचे प्रयत्न झाले की कोड बाद. मुदत आधी दहा मिनिटं ठेवली होती, ती वाढवून अर्धा तास केली, कारण काही मेल सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम 'नंतर या' सांगतात, ग्रेलिस्टिंग म्हणतात त्याला, आणि मेल काही मिनिटं उशिरा पोचतो. याच उशिरामुळे अजून एक घोळ व्हायचा जो आम्हाला किती दिवस कळलाच नाही: माणूस कंटाळून 'परत पाठवा' दाबायचा, आम्ही नवा कोड बनवून जुना बाद करायचो, मग दोन्ही मेल येणार, तो आधी आलेला कोड टाकणार, आणि आम्ही म्हणणार चूक. आता मुदत संपेपर्यंत 'परत पाठवा' ला तोच कोड जातो. एवढीशी गोष्ट, पण यावरच्या तक्रारी बंद झाल्या.

कोडची पायरीच उडवून टाकावी असा मोह झाला होता, ईमेल घेतला की थेट लिंक पाठवून द्यायची. नाही उडवली. ईमेलमधे एक अक्षर चुकलं तर बदलायची लिंक भलत्याच माणसाकडे जाते, आणि ज्याचा तक्ता त्याला पत्ताच नाही. हा अडथळा राहू दिला आणि तो राहायलाच हवा असं मला वाटतं. उलट ईमेल बरोबर आहे का हे फॉर्मनेच ठरवायचा जो जुना कडक नियम होता तो सैल केला, त्यात अधिकचं चिन्ह असलेले पत्ते आणि शेवटी डॉट कॉमपेक्षा लांब शब्द असलेली डोमेन बाद व्हायची, चांगले पत्ते. आता अ‍ॅटचं चिन्ह आहे आणि दोन्ही बाजूंना काहीतरी आहे एवढंच बघतो, बाकी कोड पोचला की कळतंच.

गूगलने लॉगिन करा हे बटण का नाही असं बरेच जण विचारतात. आमचे बहुतेक लोक चॅटमधल्या लिंकवरून येतात, ती लिंक बऱ्याचदा चॅट अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमधे उघडते, आणि गूगल २०१७ पासून अशा आतल्या ब्राउझरमधे लॉगिन करू देत नाही, सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच आहे ते. पण ज्या दारातून आपली माणसं येतात तिथेच न चालणारं बटण लावून काय करायचं. दुसरं म्हणजे दोन-तीन बटणं ठेवली की माणूस विसरतो मागच्या वेळी कुठलं दाबलं होतं, एकाच माणसाची दोन खाती होतात, आणि मग परत 'माझा तक्ता गेला'.

बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम. हे येणारच होतं. खातं नाही म्हटल्यावर महिन्याभरात कोणीतरी गटाच्या नावात जाहिरात लिहून आमच्याच सर्व्हरवरून परक्या लोकांना मेल पाठवायला लागलं, म्हणजे आमचा मेल पाठवायचा रकाना म्हणजे फुकटची टपाल पेटी. घाईघाईने हनीपॉट लावला, माणसाला न दिसणारा रकाना, जो भरेल तो बॉट. त्या रकान्याचं नाव आम्ही ठेवलं फोन. आणि ब्राउझरच्या ऑटोफिलने खऱ्या माणसांचे फोन नंबर तिथे इमानदारीत भरून टाकले, आणि आम्ही त्या माणसांना बॉट समजून गपचूप फेकून दिलं, एररसुद्धा न दाखवता! नेमके ज्यांचा फोन सगळं आपोआप भरतो तेच, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप चाललेला तेच लोक. हनीपॉट काढला. त्यापेक्षा न तपासलेल्या ईमेलवर जो मेल जातो त्यात माणसाने लिहिलेला एकही शब्द ठेवला नाही, फक्त कोड आणि आमचं एक वाक्य. जाहिरात पाठवता येत नाही म्हटल्यावर बॉटला त्यात रस उरला नाही. एका इंटरनेट पत्त्यावरून (आयपी) तासाला किती मेल याची मर्यादा आहे, ती ओलांडली तरच कॅप्चा येतो, बाकी कोणाला ट्रॅफिक लाइट मोजत बसावं लागत नाही.

निकालाबद्दल. टक्केवारी मुद्दाम देत नाहीये, आमच्याएवढ्या छोट्या टूलमधे चार माणसं इकडची तिकडे झाली की टक्के दणकून हलतात, आणि असे आकडे लिहिले की लोक ते आपल्या प्रेझेंटेशनमधे चिकटवतात. पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: बदल केल्यावर नव्या खात्यांचा आलेख खाली गेला. मित्राचा रात्री उशिरा फोन, सगळं बिघडलंय म्हणून. बिघडलं काहीच नव्हतं, आधी जो कोणी यायचा त्याला खातं काढावंच लागायचं, आता ज्याला बदल करायचेत तोच ईमेल देतो. आमचं मोजायचं मापच चुकीचं होतं. आता आम्ही बघतो की तक्ता बनला का, बनवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी तो उघडला का, आणि तोच माणूस पुढच्या पाळीला परत आला का. या तिन्ही रेषा वर आहेत, आणि मित्र आता रात्री फोन करत नाही.

फुकट काहीच झालं नाही पण. ईमेल न देता कुकी पुसून बसलेल्या माणसाचा मेल येतो, माझा तक्ता परत द्या, आणि आम्हाला तो देता येत नाही, कारण तक्ता त्याचाच आहे हे ठरवायचं कशावरून. म्हणून आता तिसरा बदल केला की वर एक पट्टी येते, 'हा तक्ता फक्त याच ब्राउझरमधून बदलता येईल'. पहिल्याच मिनिटाला दाखवली होती तर कोणी वाचत नव्हतं, तिसऱ्या बदलाला वाचतात, तोवर त्यांचं त्यात काहीतरी अडकलेलं असतं. आणि बिनखात्याच्या तक्त्यांमधे माणसांची नावं आहेत हे विसरून चालत नाही, म्हणून ती पानं सर्च इंजिनला बंद केली, तक्त्याच्या पानावरून माणूस दुसऱ्या साइटवर गेला तर त्या साइटला आपली लिंक कळू नये याची सोय केली, आणि कोणीच उघडत नाही असे तक्ते काही महिन्यांनी पुसून टाकतो.

एक रकाना मात्र परत आणलाय, नाव. तक्ता दोघं-तिघं मिळून बदलायला लागले की कोणी काय बदललं हे विचारणारे मेल सुरू झाले. मग दुसरा माणूस पहिला बदल करतो त्या क्षणी आम्ही विचारतो, तुमचं नाव काय लिहू. एकट्याने वापरणाऱ्याला हा प्रश्न कधीच दिसत नाही.

जुन्या खात्यांचे पासवर्ड अजून आहेत. मित्राला ते काढून टाकायचेत, कोड स्वच्छ होईल म्हणतो. मी अडवून धरलंय, कारण काही जुनी माणसं अजून बुकमार्क केलेल्या लॉगिन पानावर येतात, पासवर्ड मॅनेजर रकाना भरतो, ती एंटर दाबतात आणि आत जातात, काही विचार न करता. त्यांच्यासाठी यापेक्षा सोपं आम्हाला अजून तरी काही सुचलेलं नाही.